माल्टा की सायप्रस? आधी पासपोर्टातला व्हिसा बघा

मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर जायचं म्हटलं की गाडी बहुतेक माल्टा आणि सायप्रस या दोन नावांवर येऊन अडते. वरवर बघता दोन्ही देश सारखेच वाटतात. दोन्ही पूर्वी ब्रिटिशांच्या ताब्यात होते, त्यामुळे गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात आणि इंग्रजीवर काम भागतं. दोघेही १ मे २००४ रोजी युरोपीय संघात आले आणि १ जानेवारी २००८ पासून दोन्हीकडे युरो चालतो. म्हणून लोक समुद्रकिनाऱ्यांचे फोटो बघून निवड करतात. माझ्या मते ते चुकीच्या टोकापासून सुरुवात करणं आहे. खरा फरक व्हिसात आहे.

माल्टा २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. सायप्रस युरोपीय संघात असूनही शेंगेनमध्ये नाही. आत जाण्याची त्यांची तयारी चालू आहे, तेव्हा अर्ज करताना ताजी स्थिती एकदा तपासा; पण तोवर आपल्यासाठी हे दोन वेगळे दरवाजे आहेत.

माल्टासाठी शेंगेन व्हिसा लागतो. फी मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षांपासून १२ च्या आतल्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाचा विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर ३ महिने चालणारा आणि २ पानं कोरी असलेला लागतो. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस धरलेले असले तरी ते ४५ पर्यंत लांबू शकतात, आणि आपल्याकडे मेच्या आधी अपॉइंटमेंट मिळणंच अवघड होतं. मेमध्ये जायचं तर जानेवारीत कामाला लागा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. माल्टाला जोडून सिसिली किंवा रोम करायचं असेल, तर ज्या देशात रात्री जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा. माल्टात ४ रात्री आणि इटलीत ६ असतील तर अर्ज इटलीकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. हॉटेलांची बुकिंग आणि अर्ज यांचा मेळ बसला नाही तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि फी परत मिळत नाही.

सायप्रसला त्यांचा स्वतःचा व्हिसा काढून जाता येतं. पण हातात दोन किंवा अनेक प्रवेशांचा चालू शेंगेन व्हिसा असेल तर सायप्रस तोच मान्य करतं. स्टिकरवर प्रवेशसंख्येचा रकाना असतो. तिथे ‘०१’ असेल तर उपयोग नाही, ‘०२’ किंवा ‘मल्ट’ हवं. आधी शेंगेन देशात उतरून मग सायप्रसला जाणं सगळ्यात सुरक्षित. शिवाय सायप्रसमधले दिवस शेंगेनच्या १८० दिवसांतल्या ९० मध्ये धरले जात नाहीत. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम बदलला आहे: गेल्या ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील, तर पुढचा २ वर्षांचा अनेक प्रवेशांचा मिळू शकतो. असा व्हिसा ज्यांच्याकडे आहे त्यांना माल्टासारखंच सायप्रसही खुलं आहे; सायप्रसच्या व्हिसाचा वेगळा अर्ज, फी आणि फेरी वाचते.

तिकिटाच्या बाबतीत मात्र सायप्रसमध्ये मोठा धोका आहे. १९७४ पासून बेट दुभंगलेलं आहे. उत्तरेचा भाग तुर्कस्तानच्या लष्कराच्या ताब्यात आहे, आणि तिथल्या एर्जान विमानतळावर उतरणं सायप्रस सरकार बेकायदेशीर प्रवेश मानतं. इस्तंबूलमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर उतरण्याचं ठिकाण लार्नाका किंवा पाफोस आहे ना, ते आधी वाचा. दुबईहून लार्नाकाला थेट विमान आहे, तोच सरळ रस्ता. माल्टाला इस्तंबूलमार्गे जायला काहीच हरकत नाही.

पोहोचल्यावर दोन्ही देशांचा वेग वेगळा आहे. माल्टा अवघं ३१६ चौरस किलोमीटरचं. गाडी न घेता, वयस्कर आईवडिलांना घेऊन, नुसत्या बसने सगळं बघता येतं. राजधानी व्हॅलेटाच्या गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत खऱ्या, पण बंदरावरून थेट वरच्या बागेत नेणारी लिफ्ट आहे. माल्टाच्याच गोझो या शेजारच्या बेटावर फेरीबोटीने जायला पाऊण तासही लागत नाही. तिथली जगंतिया मंदिरं इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी आहेत. व्हॅलेटातल्या सेंट जॉन्स कॅथीड्रलमधलं इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ मधलं भलंमोठं चित्र तर एकट्यानेच माल्टाची फेरी सार्थ करतं. गोझोची ती प्रसिद्ध दगडी कमान मात्र ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. जुने फोटो दाखवून कुणी पॅकेज विकत असेल तर सावध राहा.

सायप्रस कितीतरी मोठं आहे आणि तिथे गाडी हवीच. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. किनाऱ्यावरून तासा-दीड तासात त्रूदोसच्या डोंगरात पोहोचता येतं, जिथे भित्तिचित्रांनी भरलेली छोटी चर्च युनेस्कोच्या यादीत आहेत आणि हिवाळ्यात बर्फ पडतो. राजधानी निकोसियात लेड्रा स्ट्रीटवर दुकानांच्या रांगेतच तपासणी नाका येतो. पासपोर्ट दाखवून चालत उत्तरेत जाता येतं, पण पाऊल टाकण्याआधी दक्षिणेच्या नाक्यावर आपल्या व्हिसाबद्दल विचारून घ्या. भाड्याच्या गाडीचा विमा सहसा पलीकडे चालत नाही.

शाकाहारी मंडळींना सायप्रस थोडं सोपं जातं: भाजलेलं हलूमी चीज, चण्याचा हुमूस, भाज्यांचे मेझे (छोट्या छोट्या बशांतले पदार्थ). माल्टात वाटाण्याच्या सारणाची पास्तिझी (करंजीसारखा भाजलेला खुसखुशीत पदार्थ) स्वस्त आणि पोटभर मिळते, पण पारीत प्राण्यांची चरबी आहे का ते विचारूनच घ्या.

व्हिसा पहिल्यांदाच काढत असाल आणि गाडी चालवायची नसेल, तर माल्टा घ्या, वेळ असल्यास सिसिली जोडा. माल्टातलं हायपोजियम, म्हणजे जमिनीखाली कोरलेलं प्रागैतिहासिक दफनस्थान, बघायचं असेल तर व्हिसा हातात येताच त्याचं तिकीट काढा; दिवसाला मोजक्याच लोकांना आत सोडतात आणि तारखा कित्येक आठवडे आधी भरतात.