गळका डिशवॉशर: कंपनीला फोन करावा की ओळखीच्या मिस्त्रीला?

वॉरंटी चालू असेल तर कंपनीलाच बोलवा. बाहेरच्या माणसाने एकदा मशीन उघडलं की नंतर वाद होतात. खरा प्रश्न वॉरंटी संपल्यावर पडतो. आमच्या इंदूरच्या घरातलं मशीन सहाव्या वर्षी गळायला लागलं. डाव्या कोपऱ्यात, दाराखालून, रोज वाटीभर पाणी.

कोणालाही बोलवण्याआधी दोन गोष्टी घरीच पाहून घ्या. हाताने भांडी घासायचं लिक्विड चुकून आत गेलं असेल तर फेस होऊन तो दारातून बाहेर येतो आणि मशीन बिघडल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे मागचे पाइप. पाणी मागून येत असेल तर बहुतेक वेळा क्लॅम्प सैल झालेला असतो किंवा नळाकडचा वायसर गेलेला असतो. वायसर-क्लॅम्प सियागंजात मिळून जातात, त्यासाठी व्हिजिट चार्ज भरू नये.

पाणी दारातून येत असेल तर आधी कंपनीला फोन करावासा वाटतो. मीही तेच केलं. ओरिजिनल पार्ट, पक्कं बिल, नव्या पार्टची वॉरंटी, सगळं रीतसर. आलेला मुलगा सभ्य होता, कामही स्वच्छ होतं. दाराचं रबर कडक झालंय म्हणाला, नवं बसवलं, पाच मिनिटं मशीन चालवून दाखवलं. फरशी कोरडी. सही केली.

दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात तेवढंच पाणी!

पुन्हा तक्रार, पुन्हा चार दिवसांनी दुसरा माणूस, पुन्हा पाच मिनिटांची ट्रायल, पुन्हा कोरडी फरशी. मी हात जोडून म्हटलं, दादा, पाणी अर्ध्या तासानंतर येतं, तोवर बसा, चहा घ्या. त्याला पुढचे कॉल होते. त्याचाही दोष नाही, दिवसाला किती घरं करायची ते त्याच्या हातात नसतं. पण गळती गरम पाण्याच्या मुख्य धुण्यात होत असेल आणि तपासणी सुरुवातीच्या थंड पाण्यात होत असेल, तर ती सापडणार कशी? माझं मत बदललं ते इथेच.

मग शेजारच्या काकूंनी त्यांचा वॉशिंग मशीनवाला मिस्त्री पाठवला. त्याने पहिल्यांदा पाणी कुठलं ते विचारलं. आमच्याकडे जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी दिवसाआड, उरलेलं बोअरचं, आणि टाकीत दोन्ही एकत्र. पाण्यातला क्षार कमी करायला मशीनमध्ये मीठ घालतात, त्याचं सेटिंग नर्मदेच्या हिशेबाने ठेवलेलं, म्हणून बोअरचा क्षार आत साठत गेलेला. मग म्हणाला, "भिया, पूरा चला के देखेंगे," आणि स्टूल घेऊन टॉर्च लावून बसला. आईने त्याला पोहे दिले. चाळीसाव्या मिनिटाला थेंब आला. त्याने मशीन थांबवून भांड्यांवर पाणी फवारणारा खालचा फिरता पंखा काढला, तर त्याचा सांधा एका बाजूने उकललेला! तिथून पाण्याची धार सरळ दाराच्या खालच्या कडेवर बसत होती. त्या धारेपुढे नवं रबर तरी काय करणार? पंखा मागवायला आठवडा गेला, कारण त्याच्याकडे पार्ट तयार नसतात. तेवढे दिवस भांडी हाताने घासली.

सगळ्याच मिस्त्रींना डिशवॉशर कळतो असं मी म्हणणार नाही. इंदूरात हे मशीन अजून घरोघरी नाही, आणि अर्धवट माहितीचा माणूस सगळीकडे एम-सील लावून जाईल. तसंच तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचून फ्लोट (पाण्यावर तरंगून गळती ओळखणारा भाग) वर उचलला गेला असेल, मशीन धूत नसून नुसतं पाणी बाहेर टाकत असेल, तर मी आजही कंपनीलाच बोलवीन. तिथे बूड उघडावं लागतं, वायरिंग जवळ असतं.

पण दाराची गळती असेल, आणि ओळखीतून आलेला माणूस मिळत असेल, तर माझा कल त्याच्याकडे आहे. फोनवर एवढंच विचारा: पूर्ण सायकल होईपर्यंत थांबाल ना? आणि तो येण्याआधी खालचा पंखा स्वतः काढून, सांध्यावर बोट फिरवून पाहा. बहुतेक मशीनमध्ये तो हातानेच निघतो.