बुलेटच्या बॅटरीसाठी छोटा ऑटोमॅटिक चार्जर: घ्यावा का?

धुळ्याची थंडी ज्यांनी खाल्लीय त्यांना सांगायला नको. पारा ८ अंशांखाली गेला की बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होतं आणि सेल्फ नुसता टक-टक करतो. आमचे दादा पुण्याला, त्यांची बुलेट इथे ओसरीत झाकून उभी. तिच्यासाठी हा १ अँपिअरचा चार्जर घेतला.

कामाला चोख आहे. १४.४ व्होल्टपर्यंत चढवतो, मग आपोआप १३.६ वर उतरतो; रात्रभर लावून झोपा खुशाल. चार्जर काढून काही तासांनी मीटर लावला तर १२.७, म्हणजे फुल्ल. १२.४ च्या खाली बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग नवीच घ्या. मध्येच लाईट गेली तरी आल्यावर हा स्वतः सुरू होतो, आपल्याकडे हे महत्त्वाचं!

वायर मात्र आखूड, आणि चिमटे ढिले. सोबतची रिंगवाली वायर झकास; टर्मिनलला कायमची कसून टाकली, आता साइड पॅनल उघडायची कटकट नाही.

रोज पारोळ्याला जा-ये करणाऱ्यांनी पैसे घालू नका. तुमची बॅटरी गाडीच भरते.