मांसाहारी डायनासोर आणि दिनविशेष : एका दिनदर्शिकेचे परीक्षण

महाकाय मांसाहारी डायनासोरांची चित्रे आणि इतिहासातील दिनविशेष एकाच पानावर आणणारी ही भिंतीवरची दिनदर्शिका ओढूनताणून जुळवलेली असणार, अशी शंका मला होती. फेब्रुवारीच्या पानापुरती तरी ती पूर्णपणे फिटली. विल्यम बकलंड यांनी २० फेब्रुवारी १८२४ रोजी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे मेगॅलोसॉरसची ओळख करून दिली, तेव्हा ‘डायनासोर’ हे नावदेखील अस्तित्वात नव्हते; रिचर्ड ओवेन यांनी तो गट १८४२ मध्ये कल्पिला. या पानावर डरकाळी फोडणाऱ्या प्राण्याऐवजी मेरी मोरलंड यांनी रेखाटलेला खालच्या जबड्याचा तुकडा मोठा करून छापला आहे. जुन्या दातांशेजारी वर येऊ पाहणारे नवे दात त्यात स्पष्ट दिसतात, आणि हा प्राणी दात बदलत राहत असे हे एका नजरेत कळते.

एप्रिलचे पान याहून सरस आहे. अर्न्स्ट श्ट्रोमर यांनी इजिप्तमधील ज्या अवशेषांवरून १९१५ मध्ये स्पायनोसॉरसचे वर्णन केले, ते २४-२५ एप्रिल १९४४ च्या रात्री म्युनिकवरील ब्रिटिश हवाई हल्ल्यात नष्ट झाले आणि मागे राहिली ती मुख्यतः वर्णने, आकृत्या व छायाचित्रे. त्याच स्पायनोसॉरसच्या वल्ह्यासारख्या शेपटीविषयीचा शोधनिबंध एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. संपादकांनी दोन्ही घटना नोंदवल्या आहेत, परंतु चित्रातली शेपूट मात्र जुन्या समजुतीप्रमाणे निमुळतीच ठेवली आहे. मजकूर लिहिणारा आणि चित्र काढणारा एकमेकांशी बोललेच नसावेत!

ऑगस्टमध्ये १२ तारखेला स्यू हेन्ड्रिक्सन यांना १९९० साली सापडलेला टायरॅनोसॉरस आहे, आणि त्याच सांगाड्याचा ४ ऑक्टोबर १९९७ रोजी सुमारे ८३ लाख ६० हजार डॉलरना झालेला लिलाव ऑक्टोबरच्या पानावर येतो. एकाच प्राण्याची गोष्ट अशी पानापानांतून पुढे सरकते, हे मला विशेष आवडले. चित्रात मात्र त्याच्या चिमुकल्या हातांचे तळवे जमिनीकडे वळवले आहेत. ते समोरासमोर असायला हवेत.

जून-जुलैत ही सांगड साफ कोलमडते. १८ जूनची वॉटर्लूची लढाई आणि तिच्यावर शिंगे रोखून उभा असलेला कार्नोटॉरस यांचा संबंध काय, हे कळायला मार्ग नाही. जुलैत अ‍ॅलोसॉरसखाली फ्रेंच राज्यक्रांतीतला बॅस्तीय तुरुंगाचा पाडाव आहे. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ मार्श यांनी या डायनासोरला १८७७ मध्ये नाव दिले, एवढी साधी नोंदसुद्धा नाही. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला आणि २००३ मध्ये नामकरण झालेला राजासॉरस तर बाराही महिन्यांत कुठेच नाही, ही गोष्ट मला खटकली.

कागद जाड असून त्यावर शाई पसरत नाही आणि तारखांचे चौकोन ऐसपैस आहेत. दिनविशेषांची अक्षरे मात्र इतकी बारीक छापली आहेत की, भिंतीपासून दोन पावले मागे सरकले की १८२४ आणि १८४२ यांतला फरक दिसत नाही.