मधुर जाफरींचं ‘इंडियन कुकरी’ : नटीच्या हातचं पुस्तक

जन्मभर पोळ्या लाटलेल्या बाईने भारतीय स्वयंपाकाचं इंग्रजी पुस्तक कशाला घ्यायचं? मी घेतलंही नसतं. लेस्टरला राहणारा मुलगा सुट्टीला आला होता, तो जाताना घरी ठेवून गेला. 1982 साली बीबीसीवर मधुर जाफरींची मालिका झाली होती, तिच्या जोडीने आलेलं हे पुस्तक. माझी उमेदीची वर्षं बँकेनंतरच्या संध्याकाळी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत गेली. त्यामुळे असेल, पण दोन-चार पाककृती वाचल्या आणि लक्षात आलं, ही बाई आधी नटी आहे, मग सुगरण.

रोगन जोशची कृती घ्या. मटण एकदम पातेल्यात लोटायचं नाही, थोडे थोडे तुकडे परतून बाजूला काढायचे. मसाला परतून झाला की दही घालायचं तेही एकेक चमचा. घातलेलं नीट मिळून आलं की मगच पुढचा चमचा. हात कुठे असावा, नजर कशावर असावी, सगळं बजावलेलं. नवख्या नटाला दिग्दर्शक पावलंसुद्धा मोजून देतो, तसं. आपल्याकडची पुस्तकं ‘मीठ अंदाजाने’ लिहून मोकळी होतात. अहो, अंदाज असता तर त्या बिचारीने पुस्तक उघडलं असतं का?

याचं कारण त्यांच्या आयुष्यातच आहे. दिल्लीच्या कायस्थ घरात 1933 चा जन्म. नाटक शिकायला लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत गेल्या तेव्हा स्वयंपाकाच्या नावाने शून्य. तिथलं बेचव जेवण सोसेना, म्हणून आईला पत्रं लिहिली. आईने टपालाने कृती पाठवल्या आणि त्या वाचून लेक शिकली. आईच्या पदराला धरून नाही, कागदावरून! म्हणून कागदावर काय राहून जातं हे त्यांना बरोबर माहीत आहे.

पुढे न्यूयॉर्क, सईद जाफरींशी लग्न, तीन मुली, मग घटस्फोट. निर्माते इस्माईल मर्चंट आणि दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांची एकमेकांशी ओळख करून दिली ती याच बाईंनी. त्या जोडीच्या ‘शेक्सपिअरवाला’ सिनेमात त्या मुंबईच्या सिनेनटीच्या भूमिकेत आहेत. 1965 साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल मिळालं. एवढं होऊनही भारतीय चेहऱ्याला तिकडे कामं कितीशी मिळणार? ‘स्वयंपाक करणारी नटी’ म्हणून न्यूयॉर्क टाइम्समध्ये खाद्यसमीक्षक क्रेग क्लेबोर्नने त्यांच्यावर लिहिलं आणि तो धागा 1973 च्या पहिल्या पुस्तकापर्यंत गेला. अभिनय मात्र सुटला नाही. 2019 मध्ये, पंचाऐंशी वर्षांच्या असताना, मीरा नायर यांच्या मुलाच्या रॅप व्हिडिओत त्यांनी तोंडाळ आजी रंगवली आहे. जरूर बघा, पण नातवंडांना बाहेर पाठवून.

आता स्वयंपाकघरातलं. गुजराती पद्धतीची फरसबी मी केली. शेंगा उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं, लगेच गार पाण्याखाली. मग तेलात मोहरी, ठेचलेला लसूण, सुकी लाल मिरची. शेवटी मीठ, चिमूट साखर, मिरपूड. मोहरी तब्बल एक मोठा चमचा! माझा हात थबकला. आमच्या मिसळणाच्या डब्यातला तो आठवड्याचा ऐवज. पण धीर करून टाकली. मोहरी दाताखाली कुरकुरते, शेंगा हिरव्यागार राहतात. ओलं खोबरं नाही म्हणून यजमानांनी आधी नाक मुरडलं, मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. लिंबू-कोथिंबिरीचं चिकनही फक्कड होतं. ते टीव्हीवर दाखवल्यावर मँचेस्टरच्या दुकानांतली कोथिंबीर संपली होती, असं सांगतात. जुडीभर कोथिंबीर खाणारा तो रस्सा बघता मला ते पटतं.

कुरकुरही आहे. ओढा उत्तरेकडचा. गोव्याचं विंदालू आहे, पण गोडा मसाला नि चिंचगुळाची आमटी शोधायला जाऊ नका. तेलाचा हात सढळ. मी सरळ निम्मं करते, काही बिघडत नाही. आणि माझ्याकडची पेपरबॅक ओट्यावर उघडी राहत नाही, पानावर खलबत्त्यातला बत्ता ठेवावा लागतो.

रोजच्या वरणभातासाठी हे घेऊ नका, त्याला आपली पुस्तकं पुष्कळ आहेत. परदेशी निघालेल्या, चहापलीकडे काही न येणाऱ्या पोराच्या बॅगेत जरूर टाका. ज्यांना स्वयंपाकात रस नाही त्यांनी बाईंचं बालपणावरचं ‘क्लाइंबिंग द मँगो ट्रीज’ घ्यावं. जुन्या दिल्लीतलं एकत्र कुटुंब, फाळणी आणि शाळेतल्या मैत्रिणींचे डबे, सगळं त्यात आहे. त्याची माझी प्रत सध्या धाकट्या जावेकडे आहे आणि ती परत करायचं नाव घेत नाहीये.