.315 रायफलला रबरी पॅड: आठ महिने, वीस राऊंड आणि काळी झालेली फरशी

हा रिव्ह्यू मे महिन्याआधी लिहिला असता तर पाचपैकी चार तारे दिले असते. आता दोन. तेही खांद्याकडे बघून.

रायफल माझीच, लायसन्सवरची, .315 बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्ट हातानं मागं-पुढं करायचा. ड्युटी अमळनेरला, बँकेच्या दारात. फौजेत एसएलआर आणि इन्सास या दोन्ही फौजी रायफली चालवल्या, तेव्हा खांद्याचा विचारही केला नाही. पण हिची गोळी जवळजवळ 16 ग्रॅमची आणि मागं बटाला, म्हणजे खांद्याला टेकतो त्या भागाला, धातूची पट्टी. मागच्या वर्षी सरावाच्या फायरनंतर दोन दिवस डबा डाव्या हातानं उचलला.

पुतण्या म्हणे, "काका, रिकॉइल बफर बसवा," म्हणजे धक्का झेलणारा तुकडा, आणि एके-47 च्या बफरचे व्हिडिओ दाखवले. त्याला म्हटलं, बाबा, एकेत गोळी सुटली की बोल्ट कॅरिअर, म्हणजे बोल्ट धरणारा भाग, आपोआप मागं येऊन आदळतो, तिथं तो रबरासारखा तुकडा बसतो. लोखंडावर लोखंड आपटत नाही एवढाच फायदा, खांद्याला फार काही कळत नाही. उलट कॅरिअरची मागं जायची जागा तेवढी घटते, आणि तुकडा फुटला तर त्याचाच चुरा आत अडकायचा. अमेरिकन एम-16 रायफलीला बफर मुळातच आहे. व्हिएतनामच्या काळात पावडर बदलली, फायरचा वेग वाढला, तेव्हा जड बफर घालून तो आवरावा लागला. माझ्या रायफलीत आपोआप मागं जाणारं काहीच नाही, बोल्ट मी हातानं ओढतो. मग बफर बसवायचा कुठं? राहिलं बटाला चढवायचं पॅड. 850 रुपये. घासाघीस करून 800.

धुळ्याला रेंजवर वीस राऊंड मारले. धक्का तेवढाच येतो, पण टोचत नाही, ढकलल्यासारखा लागतो. रबर दबेपर्यंतचा क्षणभराचा वेळ मिळतो, म्हणून. खांदा शाबूत. पण पहिले पाच राऊंड कुठं गेले ते विचारू नका. पॅडनं बट इंचभर लांब झाला, गाल मागं बसला आणि बोल्टच्या मुठीकडे हात ताणावा लागला. हिची आजी ली-एनफिल्ड, इंग्रजांच्या फौजेची रायफल. तिचे बट अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकानं वेगवेगळ्या मापाचे यायचे, उगाच नाही. माझी उंची साडेपाच फूट, त्यात अख्खा इंच वाढवला म्हणजे मीच शहाणा! नंतर सवय झाली, ग्रुप बरा आला, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागल्या.

आता मुख्य तक्रार. वर्षात वीस राऊंड, बाकी सगळा वेळ रायफल बँकेच्या फरशीवर उभी. सुरुवातीला यातच मजा वाटली. आधी गुळगुळीत फरशीवर बट सरकायचा, पॅडमुळं घट्ट उभी राहायला लागली. चार तारे त्याचेच होते. मग खान्देशचा मे आला. दुपारी दारातली फरशी तव्यासारखी, रबर चिकट झालं आणि जिथं उभी करीन तिथं काळा चंद्र. सफाईवाल्या मावशी रोज:

"भाऊ, हाई तुनी बंदूक मन्ही फरशी काळी करी ऱ्हायनी!"

रॉकेल लावून पुसलं, लिंबू लावलं. एक डाग अजून आहे, पैसे भरायच्या खिडकीसमोर, मॅनेजरसाहेब त्याच्यावरून जाताना दरवेळी माझ्याकडे बघतात. जूनमध्ये पॅडची कड उसवली. दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, "रबर आहे काका, रबराला गॅरंटी नसते. उन्हात कशाला ठेवलं?" अरे, जळगाव जिल्ह्यात ऊन सोडून ठेवू कुठं? बदलून दिलं नाहीच, वर नवीन भारीतलं दाखवलं, 1,400 चं.

घेतलं नाही. उसवलेली कड चांभाराकडून वीस रुपयांत शिवून घेतली. पॅड आता पिशवीत असतं, रेंजच्या दिवशीच चढवतो. बँकेत रायफल पायपुसण्यावर उभी असते. पायपुसणं मावशींनीच आणलं, चाळीस रुपये माझ्याकडून घेतले.