चार बटणांच्या निळ्या कोटाचं किट: कापड घ्या, दोरा फेका

अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) रीएनॅक्टमेंटमध्ये, म्हणजे त्या काळच्या वेशात लढाया पुन्हा उभ्या करण्याच्या खेळात, उत्तरेचा शिपाई व्हायचं तर चार बटणांचा गडद निळा सॅक कोट, म्हणजे साधा ढगळ कोट, हवाच. या किटमध्ये त्याचे कापलेले लोकरी तुकडे, अस्तर, दोरा आणि पितळी बटणं येतात. ही पद्धत खुद्द त्या काळातली आहे. फिलाडेल्फियाच्या स्कूलकिल आर्सेनल या लष्करी कोठारातून शहरातल्या बायका असेच कापलेले तुकडे घरी नेत आणि हाताने शिवून कोट परत आणून देत.

किटचे पैसे वसूल होतात ते कापडावर. तिरप्या विणीचं हलकं लोकरी फ्लॅनेल आहे. एक धागा जाळून बघितला तर केस जळल्यासारखा वास येतो, आच काढताच धागा विझतो आणि राख बोटांनी चुरडते. कडक मणी झाला असता तर पॉलिस्टर समजायचं, आणि ते शेकोटीच्या ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं. पांढरा रुमाल घासल्यावर थोडा निळा उतरतो. निळीत रंगवलेल्या लोकरीचं असंच असतं, तक्रार करू नका. शिवण्याआधी मात्र उरलेल्या चिंधीवर १० सेंमीचा चौकोन आखून वाफ द्या. तो आटला तर सगळे तुकडे आधी वाफवून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात बाह्या वर चढतील.

दोरा पॉलिस्टरचा आहे, बाजूला ठेवा. लिननचा दोरा आणा, ४५ सेंमीहून लांब तोडू नका, मधमाशीच्या मेणावरून ओढून कागदाच्या घडीत धरून इस्त्री फिरवा. मेण आत मुरतं आणि दोरा पिळत नाही. मुख्य शिवणींना उलटी टीप, सेंमीला ३ ते ४ टाके. सैन्याच्या कंत्राटदारांचे कोट मशिनवरही शिवले जात, त्यामुळे सरळ टीप मशिनने मारली तर चालेल. ओव्हरलॉक आणि झिगझॅग मात्र नकोच, कोट उघडून टाकला की आतली बाजू सगळ्यांना दिसते.

खरी चूक मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या भोकात, आहे. तो आजच्या जॅकेटसारखा खोल कापलाय, म्हणून बंदूक खांद्याला लावली की अख्खा कोट वर उचलला जातो. जुने मुंढे लहान आणि बगलेच्या जवळ असत. कापलेलं कापड परत येत नाही, पण खांद्याची शिवण बाहीकडच्या टोकाला दीड सेंमी आत घ्या आणि गळ्याकडे शून्यावर आणा, मुंढा वर सरकतो. बाहीचा घेर मग जास्त होतो. तो चुण्या घालून बसवू नका, बाहीच्या शिवणीतच कमी करा. हे सगळं आधी कच्च्या टाक्यांवर, हात वर करून बघायचं. शिवाय माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, फक्त १ सेंमी सोडली आहे. कडा दुमडून दाबायच्या शिवणीला ती अपुरी पडते, लोकर उसवते. एक बाजू अर्धी कातरून दुसरी तिच्यावर घट्ट दुमडावी लागते, घाई केली तर बगलेतच सुटते.

काजं हातानेच करा, डाव्या बाजूला. आधी चीर कापायची, कडेला साधे टाके घालून ती बांधायची आणि मग काजटाका, प्रत्येक गाठ चिरेच्या कडेवर बसवत. मशिनचं काज उलट्या क्रमाने होतं, आधी टीप आणि मग चीर, आणि ते लांबूनही ओळखू येतं.

अस्तर सगळं सुती दिलंय. बाह्यांना ते बरोबर, पण अंगाला लोकरी हवं, वेगळं घ्या. खिसा एकच आणि तोही आत. सूचनांमधला बाहेरचा खिसा कुठून आला कोण जाणे. माप शर्ट आणि गॅलिस घालून छातीवर घ्या. हा कोट ढगळच असतो, अंगाबरोबर बसला तर एक माप मोठं मागवा.

गरुडाची बटणं चांगली आहेत, ती पॉलिश करू नका.