मिशनवर जाताय? घरच्यांशी लाइव्ह कॉल की व्हॉइस मेसेज

यूएनच्या शांतिसेनेच्या मिशनवर नाव लागलं की बूट, मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्या सगळ्याची लिस्ट होते, घरी बोलायचं कसं ते मात्र "तिकडे गेल्यावर बघू". बघू नका, निघायच्या आधीच घरात ठरवून टाका. मी 2016-17 ला साऊथ सुदानमध्ये होतो, बोरला, राजधानी जुबापासून उत्तरेला दोनशेएक किलोमीटर, आणि घर भांडुपला चाळीत. दोन्ही प्रकार पुरते वापरून झालेत. सिम कुठलं, पॅक कुठला हे लिहीत बसत नाही, ते आधीची बॅच सांगेलच.

कॉलची बाजू आधी. माणूस समोर असल्यासारखं वाटतं ते कॉलवरच, यात वादच नाही. आमच्या आईला रेकॉर्ड केलेलं बोलणं कधी पटलंच नाही, ती मेसेजला तिथल्या तिथे उत्तर द्यायची आणि मग "हा गप्प का" म्हणून चिडायची. पोरगी बालवाडीत होती, तिला पप्पा दिसायलाच लागायचे. शिवाय पैशाचं काम, शाळेची ॲडमिशन, डॉक्टर काय म्हणाले, असल्या गोष्टी एकदा कॉलवर बोलून मोकळं व्हावं, मेसेजवर त्याला चार दिवस लागतात. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, वर्ष संपता संपता व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉलही आला, म्हणजे मुंबईच्या बाजूने रडायला जागा नव्हती.

रडगाणं सगळं तिकडच्या टोकाचं. कॅम्पचं नेट सॅटेलाइटवरून, तो वर 36 हजार किलोमीटरवर, त्यामुळे आपलं बोलणं घरी पोचून बायकोचं उत्तर येईपर्यंत मध्ये गॅप पडतो, गॅप पडला की दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात. "अहो, ऐकू येतंय का?" "हा बोल." "नाही, तुम्ही बोला." यातच निम्मा कॉल. त्यात संध्याकाळी अख्खा कॅम्प एकाच वेळी घरी फोन लावणार. पण हे एक वेळ चालवून घेतलं असतं.

मला अजिबात चाललं नाही ते म्हणजे कॉल मध्येच कट होणं. जुलै 2016 मध्ये जुबात तिथले राष्ट्राध्यक्ष सालवा कीर आणि तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचर यांच्या सैनिकांत पुन्हा जुंपली, भारताने 'संकटमोचन' ऑपरेशन करून आपली माणसं विमानाने बाहेर काढली, इकडे टीव्हीवर तेच. आता बोर कुठे, जुबा कुठे हे चाळीत कोणाला माहीत असणार. त्याच दिवसांत एका रात्री आम्ही बोलत असताना जोरात वीज कडाडली (तिकडेही जुलैत पाऊसच असतो), नेट गेलं, कॉल कट. मी झोपलो. घरी काय ऐकू गेलं? धडाम, आणि पुढे काहीच नाही. ही रात्रभर फोन लावतेय, शेजारच्या वहिनी येऊन बसल्यात, आईला सांगायचं की नाही यावर गॅलरीत हळू आवाजात चर्चा, आणि सकाळी नेट आलं तेव्हा माझ्या फोनवर मिस्ड कॉलची ही रांग. वीज होती हे पटवायलाच दोन दिवस गेले.

व्हॉइस मेसेज असा अर्ध्यात तुटत नाही. गेला तर अख्खा जातो, नाहीतर घड्याळाचं चिन्ह दाखवत पडून राहतो आणि नेट आलं की सरकतो. मिनिटभराचा मेसेज साधारण शे-दीडशे केबी, त्यामुळे मरतुकड्या नेटवरही चालतो. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, ब्लू टिक बंद केलेल्या असल्या तरी व्हॉइस मेसेज ऐकला की त्यावरचा माईक निळा होतोच. आम्हाला हे फार कामाला आलं. पेट्रोलिंगवरून आलो, बोलायला जीव नाही, नुसता तिचा मेसेज कानाला लावून ऐकला तरी भांडुपला माईक निळा, म्हणजे आहे, बरा आहे, उद्या बोलेल. आमचे काका आयपीकेएफमध्ये, म्हणजे भारताच्या शांतिसेनेत, श्रीलंकेत होते, काकू त्यांची अंतर्देशीय पत्रं परत परत काढून वाचायची म्हणे, तसं हिने भांडी घासताना माझे तेच तेच मेसेज लावलेत.

व्हिडिओची अजून एक भानगड, मागे टॉवर, गाड्या, काय काय दिसतं आणि घरचं कोणीतरी स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकतं. आर्मीने 2020 ला फोनमधून 89 ॲप काढायला लावले, फेसबुक-इन्स्टासकट, ते उगाच नाही. तुमच्या वेळेला काय चालतं ते युनिटमध्ये विचारूनच घ्या.

मेसेजमध्ये खोट नाही असं नाही हां. त्यात लपवता येतं. आई मोरीत पडली होती, मला कितीतरी दिवसांनी कळलं, कारण आवाज रडका आला की ही तो मेसेज टाकून द्यायची आणि परत रेकॉर्ड करायची. कॉलवर मी "काय झालं" असं लगेच विचारलं असतं.

तुमच्या घरचं तुम्हाला ठाऊक, नवीन लग्न असेल तर कॉलशिवाय करमणारही नाही. पण मला विचाराल तर रविवारी एक कॉल, तो आई आणि पोरांसाठी, बाकी आठवडा व्हॉइस मेसेज. 2018 ला कीर-माचर यांच्यात शांतता करार झाला तरी तिकडचं काही खरं नाही, मार्च 2025 मध्ये माचरना परत नजरकैदेत टाकलं, म्हणजे टीव्हीवर बातम्या येत राहणार आणि कट झालेला प्रत्येक कॉल घरी तसाच ऐकू जाणार. आणि वेळेचं बघा, आमच्या वेळी ते अडीच तास मागे होते, 2021 पासून साडेतीन तास आहेत, तुम्ही रात्री दहाला मेसेज टाकलात की इकडे दीड वाजलेला असतो, तेव्हा घरच्यांना रात्री मेसेजचा आवाज बंद ठेवायला सांगा, फक्त कॉलची रिंग चालू.